बिनखळीचं फूल

वहिनींना खऱ्या फुलांचा राग होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. राग नव्हता, कीव होती. सकाळी ऐटीत उमलायचं आणि संध्याकाळी मान टाकायची, ही काय जगण्याची रीत झाली? त्यांच्या कारखान्यातला गुलाब एकदा तारेवर चढला की वर्षानुवर्षं कुरकुर करत नसे. धूळ बसली तर फुंकर घाला, फारच मरगळला तर किटलीची वाफ दाखवा, की स्वारी पुन्हा ताजीतवानी. शेजारपाजारी कुणी कुंडीतलं फूल कौतुकानं दाखवायला आलं की वहिनी म्हणत, "छान आहे हो. पण टिकायचं नाही." आणि ते खरोखरच टिकत नसे, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायची सोय नव्हती.

कारखाना हा जरा मोठा शब्द झाला. राहत्या घराच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या, एवढाच तो कारखाना. पुढच्या खोलीत दारापाशी दादांचा लाकडी ठोकळा. दादा म्हणजे वहिनींचे यजमान. खळ देऊन कडक केलेल्या कापडाची थप्पी ठोकळ्यावर ठेवायची, तिच्यावर पाकळीच्या आकाराचा लोखंडी साचा धरायचा आणि वरून हातोडा हाणायचा, हे त्यांचं काम. एका घावात पाकळ्यांची गड्डी बाहेर पडे आणि समोरच्या दुकानातली बरणी हादरे. खिडकीपाशी वहिनींचं टेबल. तिथे त्या गरम लोखंडी गोळीनं पाकळी उशीवर दाबून तिला पोट आणत, पाकळ्या तारेवर बांधत आणि देठावर हिरवी पट्टी गुंडाळत. मागच्या खोलीत, रंगाच्या वाट्यांच्या गराड्यात, दादांची धाकटी बहीण बसे. वहिनी तिला वन्सं म्हणत, म्हणून आपणही वन्संच म्हणू.

कामाचे नियम वहिनींनी घालून दिलेले होते. एका फुलातल्या सगळ्या पाकळ्या सारख्या हव्यात. फुलाचं तोंड गिऱ्हाइकाकडे हवं. आणि खळ अशी हवी की पाकळीवर टिचकी मारली तर आवाज आला पाहिजे. सभागृहं सजवणारे, टोप्या शिवणारे, दुकानांच्या काचा मांडणारे, सगळे त्यांच्याकडे येत आणि जाताना एकच गोष्ट बोलत, "अगदी खरं वाटतं हो!" वहिनी वरवर "चला, काहीतरीच" म्हणत, पण ते वाक्य ऐकल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे.

वन्संचं मात्र वेगळंच. त्या रोज सकाळी उठून गावामागच्या टेकडीवर जायच्या आणि कपड्यांना गवताची कुसळं चिकटवून घेऊन परत यायच्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं आणि न केल्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. "वन्संचं सासर टेकडीवर आहे," वहिनी चिडवायच्या. "म्हणून तर सुखात आहे. तिथे थोरली जाऊ नाही," वन्सं मागच्या खोलीतून उत्तर द्यायच्या. मग दादा हातोडा जरा जोरात हाणायचे, म्हणजे विषय तिथेच थांबायचा.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका सकाळी गावच्या संग्रहालयातल्या बाई आल्या. चष्मा डोक्यावर चढवलेला आणि तोच पिशवीत शोधताहेत, अशा त्या बाई. वन्संनी मागच्या खोलीतून डोकावून डोक्याकडे बोट दाखवलं तेव्हा कुठे कामाचं बोलणं सुरू झालं.

संग्रहालयात एक मोठी काचेची पेटी उभी राहत होती. तिच्यात गावामागची टेकडी जशीच्या तशी मांडायची होती. माती, दगड, गवत जमलं होतं. राहिली होती रानफुलं.

"आपल्या टेकडीवर फुलं आहेत?" वहिनींनी विचारलं.

मागच्या खोलीतून हसू फुटल्याचा आवाज आला.

"हेच!" बाई म्हणाल्या. "सगळे हेच विचारतात. लोक वर बघतात ते फक्त मोबाईलच्या मनोऱ्याकडे. आधी हे एक करून दाखवा. हे जमलं तर बाकीची सगळी तुमचीच." त्यांनी एक फोटो टेबलावर ठेवला. चिमुकलं निळं फूल होतं. दोन पाकळ्या कान टवकारल्यासारख्या वर, मध्ये पिवळे ठिपके आणि खाली काहीतरी फिकट, अस्पष्ट. बाईंनी त्याचं भलंमोठं शास्त्रीय नाव सांगितलं. ते दादांच्या दारातून आत आलं आणि खिडकीतून बाहेर गेलं, कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

"याला मी रुसूबाई म्हणते," वन्सं दारात येऊन म्हणाल्या. "ऊन तापलं की तोंड मिटून घेते, ती पुन्हा बोलत नाही."

बाई गेल्यावर वहिनींनी फोटो उजेडात धरला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "फोटो काढणाऱ्याला अक्कल नको? एक पाकळी गळून पडलीय. चांगलं धडधाकट फूल बघून काढायचा की फोटो."

"वहिनी, ते तसंच असतं."

"वन्सं, तुम्ही रंगाचं बघा. दोन वर असतील तर तिसरी खाली असणारच. आकाराला काही हिशेब आहे की नाही?"

आणि मग वहिनींनी फुलाची दुरुस्ती केली. दुसरा शब्द नाही त्याला. दादांकडून तीन निळ्या पाकळ्या पाडून घेतल्या, एकीसारखी दुसरी, दुसरीसारखी तिसरी. खळ अशी दिली की टिचकी वाजावी. देठ सरळ, तोंड समोर. जन्मभर नीटनेटकं काम केलेल्या बाईच्या हातून दुसरं काय होणार? फूल पाण्याच्या पेल्यात उभं करून त्या स्वतःच त्याच्याकडे कौतुकानं बघत राहिल्या.

बाई आल्या. त्यांनी फूल पुढून पाहिलं, बाजूनं पाहिलं, चष्मा काढून पाहिलं.

"काय सुंदर काम आहे हो तुमचं," त्या म्हणाल्या.

"पण?" वहिनी म्हणाल्या. त्यांना 'पण' लांबूनच ऐकू आला होता.

"पण हे फूल टेकडीवर उगवत नाही. रागावू नका. हे खोटं वाटतं."

दादांचा हातोडा हवेतच राहिला. त्या दोन खोल्यांत हा शब्द आजवर कुणी उच्चारला नव्हता. बाई बिचाऱ्या ओशाळल्या. पेटीचं उद्घाटन जवळ आलंय, तोवर जमलं तर उत्तमच, नाहीतर फुलांच्या जागी फोटो लावू, असं काहीबाही बोलून त्या गेल्या. फुलाच्या जागी फोटो! वहिनींनी दिवसभर भांड्यांवर राग काढला. रात्री जेवताना दादा म्हणाले, "अगं, एक काम गेलं तर गेलं. एवढं काय जिवाला लावून घ्यायचं?"

"कामाचं नाही हो," वहिनी म्हणाल्या. "त्या खोटं म्हणाल्या. आणि खरं कसं असतं ते मला माहीतच नाही."

हे ऐकून वन्संचं चिडवणं बंद झालं. त्यांनी मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या टेकडीवरून जेवणाच्या डब्यात फूल घालून घेऊन आल्या. वहिनींनी झाकण उघडलं. आत पानावर एक निळा थेंब.

"हे काय? शाई सांडलीय का?"

"फूलच होतं. विरघळलं."

मग ओल्या फडक्यात गुंडाळून झालं, पाण्याच्या बाटलीत बुडवून झालं. फूल आपलं दर वेळी वाटेतच जीव सोडायचं. "मुळासकट आण ना," दादांनी सुचवलं. पण वन्सं हे ऐकून घेईनात. "मुळासकट उपटायचं नाही. एवढं एक सोडून काहीही सांगा," त्या म्हणाल्या आणि वहिनींकडे वळल्या. "वहिनी, ते काही इथे येणार नाही. तुम्हीच चला."

वहिनींनी गुडघे पुढे केले, कामाचा ढीग पुढे केला, चपलांचा अंगठा तुटायला आलाय म्हणून सांगितलं. "जा गं," दादा म्हणाले, "तेवढाच मला घरात निवांतपणा."

दुसऱ्या दिवशी उजाडताच नणंद-भावजय निघाल्या. पायवाट संपली, चढ संपला. वहिनी धापा टाकत कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. चारी बाजूंना गवत, मध्ये दगड, लांब तो मनोरा.

"कुठे आहेत फुलं?"

"खाली बसा."

"इथे? कपडे खराब होतील."

"बसा हो."

वहिनी बसल्या. त्यांच्या अंगठ्यापाशीच एक होतं. एवढंसं, नखाएवढं. त्याच्या पलीकडे दुसरं. मग दगडाच्या कडेला तिघी-चौघी, मग उतारभर निळ्या ठिपक्यांची रांगच रांग. आणि नुसतं निळंच नाही, गवताच्या पात्यांआड पिवळं होतं, जांभळं होतं, तांदळाच्या कण्यांसारखं पांढरं होतं. जन्म या टेकडीच्या पायथ्याशी गेला आणि खिडकी रस्त्याच्या बाजूला होती म्हणून यातलं काही दिसलं नाही. वहिनींना एकाच वेळी आनंद झाला आणि स्वतःचा संताप आला.

"वन्सं," त्या घाबऱ्या होऊन म्हणाल्या, "आता मी उठू कशी? जिथे पाय ठेवावा तिथे फूल आहे."

"म्हणून तर मला घरी यायला उशीर होतो," वन्सं म्हणाल्या.

मग वहिनी कारागिराच्या नजरेनं बघायला लागल्या. जवळच्या फुलानं त्यांच्याकडे पाठ केली होती. सवयीनं त्यांनी बोटानं त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं. बोट काढलं तसं ते पुन्हा पाठमोरं झालं. वहिनींनी पुन्हा वळवलं, ते पुन्हा फिरलं. कारखान्यात कुणाची अशी हिंमत झाली नव्हती. शेवटी वहिनीच गुडघ्यांवर रांगत त्याच्या पलीकडे गेल्या.

तिसरी पाकळी होती. गळली नव्हती, लपली नव्हती. ती मुळातच एवढीशी होती, फिकट, पाण्यासारखी, आणि खाली गुपचूप बसून होती. ती तशी होती म्हणून वरच्या दोघींचा तोरा होता. सगळं फूल दुमडलेल्या पानाच्या द्रोणातून डोकावत होतं आणि आत पाठची कळी आपली पाळी यायची वाट बघत होती. एका पाकळीची कड किड्यानं खाल्ली होती. वहिनींच्या हाताला ती नीट करायची कोण खाज सुटली! त्यांनी हात मांडीखाली दाबून धरले.

ऊन चढलं. त्यांच्या डोळ्यांदेखत पाकळ्यांच्या कडा ओलसर झाल्या, आत वळल्या, आणि फूल बघता बघता मऊ होऊन मिटलं. अजिबात घाई नाही, त्रागा नाही. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. रडण्यासारखं काही झालं नव्हतं, तरी आलं.

"गेलं की हो," त्या म्हणाल्या.

"उद्या त्याच द्रोणातून दुसरं येतं."

"पण हे गेलं."

"हो," वन्सं म्हणाल्या. "हे गेलं."

घरी आल्यावर वहिनींनी दादांकडे रेशमाचं सगळ्यात झिरझिरीत कापड मागितलं.

"खळ किती देऊ?"

"देऊ नका."

दादांनी चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे? बिनखळीचं फूल? अगं, लोक काय म्हणतील? आपल्याकडची खळ संपली म्हणतील."

"जे घटकाभरात विरघळणार आहे ते कडक कसं असेल?" वहिनी म्हणाल्या. "चुकलं ते तिथेच. पाकळ्यांचा आकार नंतरचा. तुम्ही हातोडा खाली ठेवा, मी कात्रीनं एकेक कापते."

बोलणं सोपं होतं. बिनखळीची पाकळी कापली की तिचे धागे सुटत आणि तारेवर बांधली की ती पोतेऱ्यासारखी लोळे. रोज सकाळी टेकडी आणि दुपारी ही फजिती, असं चाललं. दादांनी एक-दोनदा "मी सांगत होतो" म्हणायला तोंड उघडलं आणि वहिनींची नजर बघून जांभई दिल्याचं नाटक केलं. तिकडे वन्संच्या रंगाचीही तीच गत. खोलीतल्या दिव्याखाली जुळलेला निळा टेकडीवर नेला की जांभळट दिसे. शेवटी वन्संनी रंगाच्या वाट्या, वहिनींनी कात्री आणि डिंकाची बाटली घेतली आणि दोघींनी कारखानाच टेकडीवर मांडला. तिथे, फुलासमोर पालथं पडून, वहिनींनी डिंकाचं अगदी पातळ पाणी केसाएवढ्या कुंचल्यानं पाकळीच्या नुसत्या काठावरून फिरवलं. पाकळी थरथरली आणि उभी राहिली. जेमतेम, केव्हाही बसेन अशा बेतानं.

"वन्सं," वहिनी हलक्या आवाजात म्हणाल्या, "बोलू नका. श्वाससुद्धा जपून घ्या."

बाई आल्या त्या दिवशी टेबलावर शेवाळलेला एक दगड होता आणि दगडाच्या आडोशाला, पाठ करून, एक फूल. बाईंना आधी ते दिसलंच नाही. वहिनींनी दाखवलंही नाही. त्या खिडकीबाहेर बघत बसल्या, पण त्यांच्या मुठी आवळलेल्या होत्या. बाई टेबलाला वळसा घालून गेल्या, वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. एक कड खाल्लेली होती. खालची पाकळी असून नसल्यासारखी होती.

"हे सकाळी कधीचं आहे हो?" बाईंनी विचारलं.

वहिनींनी मूठ सोडली. "ऊन नुकतंच अंगावर आलंय तेव्हाचं," त्या म्हणाल्या. "मिटत आलेलं हवं असेल तर तेही करून देते."

मागच्या खोलीत वन्संनी एक वाटी आनंदानं पाडली. ती फुटली, पण त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

उद्घाटन सकाळचं होतं. पेटी देखणी झाली होती. एकाही फुलाचं तोंड समोर नव्हतं. बघायचं तर पेटीभोवती फिरावं लागे, वाकावं लागे. वहिनी नवे कपडे घालून दादा-वन्संबरोबर कोपऱ्यात उभ्या होत्या. बाईंनी पसंत केलं, ते ठीक. पण बाई शिकलेल्या. टेकडीकडे ढुंकूनही न बघणाऱ्या माणसांना ते खरं वाटेल का, हे त्यांना ऐकायचं होतं.

पहिल्यांदा एक पोट सुटलेले गृहस्थ बायकोबरोबर आले. त्यांनी पेटीकडे पाहिलं. "यात काय आहे?" ते म्हणाले. "गवत तर आहे."

दादांनी वहिनींचा हात धरला.

"अहो, वाका जरा," गृहस्थांची बायको म्हणाली. ती आधीच गुडघ्यांवर बसली होती.

गृहस्थ पोट सावरत कसेबसे वाकले. थोड्या वेळानं त्यांनी काचेला नाक लावून विचारलं, "हे इथलंच? आपल्या टेकडीवरचं?"

"आपल्याच," बाई म्हणाल्या.

"आता, या घडीला आहे तिथे?"

"आहे तर. पण ऊन तापलं की मिटतं. आणखी तासाभरात—"

"मग आपण इथे काय करतोय?" गृहस्थ ताडकन उठले. "चल गं!" आणि बायकोचा हात धरून ते निघालेसुद्धा. त्यांच्या मागे उभी असलेली दोन कुटुंबं एकमेकांकडे बघून त्यांच्यापाठोपाठ गेली. कुणीतरी विचारलं, "काय झालं? कुठे चाललेत सगळे?" आणि उत्तराची वाट न बघता तेही गेलं. फीत कापणारे पाहुणे अजून यायचे होते. दालनात उरल्या बाई, पेटी आणि हे तिघं.

"झालं!" दादा म्हणाले. "जन्मात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला पळवून लावलंस."

वहिनींनी रिकाम्या दालनाकडे पाहिलं. त्यांच्या फुलासमोर आता कुणीही नव्हतं, आणि इतका आनंद त्यांना आजवर कुठल्याच कौतुकानं झाला नव्हता. पण दुसऱ्याच क्षणी त्यांचा चेहरा बदलला.

"अहो, त्यांना दिसायचं नाही! ते उभ्यानं बघतील. चेंगरून टाकतील सगळं."

आणि भाषणाला थांबा म्हणून बाई सांगत असतानाच वहिनी निघाल्या. पायऱ्या उतरल्या, रस्ता ओलांडला. पुढे चढावर त्या पोट सुटलेल्या गृहस्थांची पाठ दिसत होती. वहिनींनी गुडघे विसरून पावलं उचलली आणि भर रस्त्यात हाक मारली, "अहो, थांबा! पुढे पाय टाकू नका. आधी खाली बसा!"